इटालियन शिकायचं, तेही मराठीतून

शिरूर तालुक्यात रांजणगावच्या महागणपतीला बारा महिने गर्दी असते. देवळाजवळच्या औद्योगिक वसाहतीत इटलीशी नातं असलेले दोन मोठे कारखाने आहेत, हे त्या गर्दीतल्या फार थोड्यांच्या ध्यानात येतं. एक फियाटचा. टाटा मोटर्सबरोबरच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीतल्या या कारखान्यातून आधी पुंतो आणि लिनेआ या गाड्या निघाल्या, 2017 पासून जीप कंपास निघू लागली. दुसरा कार्रारोचा. तिथं ट्रॅक्टरचे अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स बनतात. या कंपनीचं मूळ पादोवा शहराजवळच्या काम्पोदार्सेगो या लहानशा गावात आहे. 1932 साली तिथं तिची सुरुवात पेरणीची यंत्रं बनवण्यापासून झाली. पाभरीवर वाढलेल्या आपल्या भागाला ही ओळख परकी वाटू नये.

दौंडकरांना तर बारामती शेजारीच. तिथं पियाज्योच्या कारखान्यात 'आपे' बनते, 2012 पासून 'व्हेस्पा'ही बनते, आणि फेरेरोचा चॉकलेटचा कारखानाही तिथंच आहे. कांद्याची पोती लादून बाजाराला निघालेली आपे दौंड तालुक्यातल्या कुठल्याही रस्त्यावर दिसते. पियाज्योचं घर तोस्काना प्रांतातल्या पोन्तेदेरा गावी. तिथला कामगार या गाडीचं नाव जसं उच्चारतो, अगदी तसंच ते आपल्याकडचा ड्रायव्हर उच्चारतो. ते त्याला कुणी शिकवलेलं नाही. देवनागरीत लिहिलेलं त्यानं सरळ वाचलं, आणि ते बरोबर निघालं.

ही पुस्तिका याच गोष्टीवर उभी आहे. आपल्या भागातल्या हजारो हातांनी इटलीतून आलेल्या आराखड्यांवर काम केलं, पण ती भाषा आपल्या घरांपर्यंत आली नाही. ती शिकायची तर पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. शिरूरहून पुणे सुमारे सत्तर किलोमीटर. दौंडहून रेल्वेनं पंचाहत्तर. दुसऱ्या पाळीची ड्युटी असलेल्या आयटीआयच्या मुलाला किंवा दूध घालून कॉलेजला जाणाऱ्या मुलीला संध्याकाळच्या वर्गासाठी एवढा प्रवास झेपणारा नव्हता. मोबाइलवरच्या धड्यांनी ही अडचण पुष्कळशी दूर केली आहे. आता शिक्षक इटलीतल्या पेरुज्यात बसून शिकवू शकतो आणि विद्यार्थी पाटस, केडगाव, न्हावरे किंवा मांडवगणला बसून शिकू शकतो.

एक अडचण मात्र तशीच आहे. हे धडे बहुतेक इंग्रजीतून असतात. बाजारातली पुस्तकं तशीच. त्यामुळे आपला विद्यार्थी आधी इंग्रजीशी झगडतो आणि उरलेल्या ताकदीनं इटालियनकडे वळतो. यात ताकद फुकट जाते, असं माझं ठाम मत आहे. इटालियनकडे जाणारी जवळची वाट मराठीतून जाते, आणि ही प्रस्तावना तेवढं पटवून देण्यासाठीच लिहिली आहे.

इटलीची ओळख इंग्रजीच्या खिडकीतून करून घ्यायची सवय आपल्याला जुनी आहे. सावरकरांनी लंडनमध्ये असताना इटालियन क्रांतिकारक मॅझिनीचं लेखन इंग्रजी खंडांवरून मराठीत आणलं. 1907 साली ते पुस्तक बाबाराव सावरकरांनी नाशिकहून प्रसिद्ध केलं. त्याची प्रस्तावना तरुणांनी तोंडपाठ केली आणि सरकारनं पुस्तकावर बंदी घातली. एका मराठी प्रस्तावनेनं इटलीचं नाव घरोघर नेल्याचं असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. तरीही त्या पिढीतल्या वाचकाला मॅझिनी मूळ इटालियनमध्ये वाचण्याची सोय नव्हती. आज ती आहे. मॅझिनीचे मूळ ग्रंथ आता फोनवर फुकट उघडतात. वाचणारा हवा.

उलट दिशेनं पाहणारा एक माणूस त्याच्याही तीनशे वर्षं आधी होऊन गेला. फिलिप्पो सास्सेत्ती हा फिरेन्झेचा (फ्लॉरेन्सचा) व्यापारी 1580 च्या दशकात मिऱ्यांच्या व्यापारासाठी कोचीन आणि गोव्यात राहिला आणि 1588 मध्ये गोव्यातच वारला. इथल्या पंडितांची भाषा ऐकून त्यानं मायदेशी पत्र लिहिलं, की यांचे आणि आपले कितीतरी शब्द जुळतात. देव, साप आणि सहा ते नऊ हे आकडे ही त्यानं दिलेली उदाहरणं. विल्यम जोन्सनं 1786 साली कलकत्त्यात संस्कृत आणि युरोपीय भाषांच्या नात्याबद्दल भाषण केलं, त्याच्या दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. आपण सहा, सात, आठ, नऊ म्हणतो. इटालियन माणूस सेइ, सेत्ते, ओत्तो, नोवे म्हणतो. पहिल्याच दिवशी हे आकडे बोटांवर मोजत म्हणून पाहिले, तर परकेपणाची भीती निम्मी ओसरते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, म्हणजे मराठी माणसाला ही भाषा कशी सोपी पडते त्याकडे.

उच्चारांपासून सुरू करू. इटालियनमधला त हा आपला त आहे आणि द हा आपला द. जिभेचं टोक दातांना लागतं. इंग्रजीतून शिकणारा मुलगा 'पास्टा' म्हणतो, 'रिसॉटो' म्हणतो. त्याला देवनागरीत 'पास्ता', 'रिसोत्तो' लिहून द्या, तो पहिल्याच दमात बरोबर म्हणेल. जोडाक्षरांचंही तेच. इटालियनमध्ये 'कापेल्लो' म्हणजे केस आणि 'काप्पेल्लो' म्हणजे टोपी. इंग्रज विद्यार्थ्याला यातला फरक कानाला लागायला आठवडे जातात. आपण 'कच्चा', 'पक्का', 'गल्ली' लहानपणापासून म्हणत आलो आहोत, आपली जीभ तिथं आपोआप थबकते.

आणखी एक गोष्ट आहे, ती हिंदी भाषकाकडेही नाही. मराठीत 'च'चे दोन उच्चार आहेत. 'चहा'मधला वेगळा, 'चूल'मधला वेगळा. 'ज'चं तसंच, 'जीव' म्हणताना एक आणि 'जाळं' म्हणताना दुसरा. इटालियनमध्ये हे चारही ध्वनी आहेत. 'चाओ'मध्ये चहातला च, पिझ्झ्याच्या मूळ उच्चारात चुलीतला च, तोही दुप्पट दाबून. 'जेलातो'मध्ये जीवातला ज आणि शून्यासाठी असलेल्या शब्दात जाळ्यातला ज. चुलीसमोर वाढलेल्या कुठल्याही मराठी पोराला हे उच्चार शिकवावे लागत नाहीत, फक्त कुठला कुठं वापरायचा ते दाखवावं लागतं.

व्याकरणात तर मराठीची मदत याहून मोठी आहे. 'मला आवडतं' हे वाक्य घ्या. इंग्रजीत आवडून घेणारा माणूस कर्ता होतो. इटालियनमध्ये तसं नाही. 'मी प्याचे' म्हणजे मला आवडतं, 'मी प्याच्चोनो' म्हणजे मला आवडतात. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूच्या वचनाप्रमाणे चालतं, जसं आपल्याकडे आंबा आवडतो आणि आंबे आवडतात. जगभरच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत या एका क्रियापदासाठी वेगळा धडा आणि इशाऱ्यांची चौकट असते. या पुस्तिकेत त्याला चार ओळी पुरल्या.

भूतकाळ पाहा. पुरुष म्हणतो 'सोनो आन्दातो', स्त्री म्हणते 'सोनो आन्दाता'. मी गेलो, मी गेले. बोलणारा कोण हे क्रियापदाच्या शेपटावरून कळतं. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे कर्मणी प्रयोग. आपण 'आंबा खाल्ला' आणि 'पोळी खाल्ली' म्हणतो. खाणारा गडी असो की बाई, क्रियापद पोळीचं लिंग धरतं. इटालियनमध्येही कर्माचं सर्वनाम क्रियापदाच्या आधी आलं की नेमकं हेच घडतं. सफरचंदासाठीचा 'मेला' हा शब्द तिथं स्त्रीलिंगी आहे, म्हणून ते खाल्लं असं सांगताना पुरुषसुद्धा 'लो मांजाता' म्हणतो, शेवटी आ. शाळेत प्रयोग ओळखा म्हणून गुण गेले असतील, त्या सगळ्यांनी ते धडे पुन्हा काढावेत. इथं ते कामाला येतात.

लिंग आपल्याकडे तीन, तिकडे दोनच. म्हणजे एकानं ओझं कमी. 'मी' न म्हणता नुसतं 'येतो' किंवा 'जाते' म्हणायची आपली सवय तिकडे जशीच्या तशी चालते. थोरामोठ्यांशी बोलताना तू आणि आपण यांत जो फरक आपण करतो, तो तेही 'तू' आणि 'लेइ' असा करतात. गंमत म्हणजे त्यांचाही 'तू' तूच आहे. इंग्रजीतून शिकलेला विद्यार्थी बँकेतल्या किंवा विद्यापीठातल्या वडीलधाऱ्या माणसाला बेधडक तू म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा का बदलला हे त्याला कळत नाही. आपल्या घरात वाढलेल्या मुलाच्या हातून ही चूक सहसा होणार नाही.

अवघड काय, तेही सांगायला हवं. नामाआधी येणारी उपपदं अवघड. इल, लो, ला, इ, ल्यी, ले. मराठीत असं काही नाही, म्हणून ती घोकावीच लागतात, आणि नाम पाठ करताना उपपदासकट पाठ करावं लागतं. शब्दयोगी अव्ययं नामाच्या आधी येतात आणि उपपदांत मिसळून जातात, हेही नवं. यावर या पुस्तिकेत सर्वांत जास्त पानं दिली आहेत आणि ती दोनदा-तीनदा वाचावी लागतील.

भाषेबरोबर तिचा इतिहासही थोडा कळायला हवा, कारण तो आपल्याला फार ओळखीचा आहे. ज्ञानेश्वरांनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली ती 1290 साली. शिरूरहून नगरमार्गे नेवासा काही तासांचा रस्ता. त्या वर्षी इटालियन कवी दान्ते फिरेन्झेत पंचविशीत होता. दोघं समकालीन, आणि दोघांपुढचा प्रश्न एकच. गहन विषय पंडितांच्या भाषेत मांडायचा की बाजारात बोलल्या जाणाऱ्या भाषेत? ज्ञानेश्वरांनी संस्कृत बाजूला ठेवली, दान्तेनं आपल्या महाकाव्यासाठी लॅटिन. लोकभाषेची बाजू मांडणारा ग्रंथ दान्तेनं लॅटिनमध्ये लिहिला, कारण तो पंडितांना पटवायचा होता. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या महाकाव्याचा इटालियन मजकूर आजचा शाळकरी मुलगा टिपांच्या आधारानं वाचू शकतो. ज्ञानेश्वरीशी आपलं नातंही तसंच आहे.

पण दान्तेची भाषा साऱ्या इटलीची व्हायला सहा शतकं लागली. 1861 मध्ये देश एक झाला, तेव्हा ती भाषा बोलणारे शंभरात तीनसुद्धा नव्हते, असा तुल्लिओ दे माउरो या भाषाभ्यासकाचा हिशेब आहे. दुसऱ्या अभ्यासकांनी हा आकडा दहापर्यंत नेला. म्हणजे दहांतले नऊ जण तेव्हाही वेनेतो, नापोली, सिचिलिया अशा आपापल्या प्रांतांच्या बोलींत जगत होते. पुढं शाळांनी, सैन्यानं आणि विशेषतः दूरचित्रवाणीनं ती भाषा पोचवली. 1960 ते 1968 या काळात 'राई' या सरकारी वाहिनीवर आल्बेर्तो मान्झी नावाचा शिक्षक संध्याकाळी प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवायचा. मोठ्या कागदावर कोळशानं चित्र काढायचं, त्यातून अक्षर उभं करायचं, अशी त्याची पद्धत. गावोगावी शेतकरी, मजूर, म्हाताऱ्या बाया एका टीव्हीपुढं वह्या घेऊन बसत. शिकायला उशीर असा कधी होत नाही, असं त्या कार्यक्रमाच्या नावातच सांगितलेलं होतं. दहा लाखांहून अधिक लोक त्यातून प्राथमिक परीक्षा उत्तीर्ण झाले असं मानलं जातं. पडद्यावरून शिकणं म्हणजे दुय्यम शिकणं, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे सांगितलं. खुद्द इटलीतले गरीब इटालियन भाषा अशीच शिकले.

ती गरिबीही लक्षात ठेवावी. अडीच कोटींहून अधिक माणसं शंभर वर्षांत पोटासाठी तो देश सोडून गेली. काम्पोदार्सेगो ज्या वेनेतो भागात येतं, तिथून तर गावंच्या गावं ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेली. इटली म्हणजे फॅशन आणि फुटबॉल एवढंच ज्याला ठाऊक आहे, त्याला ती भाषा बोलता येईल, पण तिथल्या माणसांशी बोलता येणार नाही.

मराठी माणूस त्या मातीवर गेला, तो आधी सैनिक म्हणून. दुसऱ्या महायुद्धात सुमारे 50,000 भारतीय सैनिक इटलीत लढले, 5,782 परतले नाहीत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी तेव्हेरे नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव, आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या निमजचे. त्यांनी 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीकाठी सुरुंगांच्या पट्ट्यातून जखमी साथीदारांना बाहेर काढलं आणि मग एकट्यानं शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांच्या स्मरणार्थ मोन्तोने या गावानं 2023 च्या जुलैत स्मारक उभारलं. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. त्या गावाशी पत्रव्यवहार करायचा, तर तो त्यांच्या भाषेत करणारं कुणीतरी आपल्याकडे असायला हवं.

आजची गरज वेगळी आहे. इटलीतल्या सरकारी विद्यापीठांत इंग्रजीतून शिकवले जाणारे अनेक अभ्यासक्रम आहेत, फी घरच्या उत्पन्नावर ठरते आणि प्रांतिक शिष्यवृत्त्याही उत्पन्न पाहून मिळतात. त्यामुळे तहसील कचेरीतल्या उत्पन्नाच्या दाखल्याला तोरिनो आणि मिलानोमध्ये मोल आलं आहे. बहुतेक ठिकाणी तो कायदेशीर प्रमाणित करून इटालियन भाषांतरासह द्यावा लागतो. वर्ग इंग्रजीत असले तरी बाकी सगळं इटालियनमध्ये चालतं. पोचल्यावर आठ कामकाजी दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज पोस्टात द्यायचा असतो. त्यावर लावायचा सोळा युरोंचा मुद्रांक मात्र तंबाखूच्या दुकानातून आणायचा असतो. सोळा अक्षर-आकड्यांचा करक्रमांक नसेल तर घरभाड्याचा करार होत नाही. हे सगळं घरून निघण्यापूर्वी मराठीत समजून घेतलं, तर पहिला महिना रडत जात नाही. 2 नोव्हेंबर 2023 रोजी भारत आणि इटली यांच्यात झालेल्या करारानुसार शिक्षण पुरं केलेल्या भारतीय विद्यार्थ्याला कामाच्या अनुभवासाठी बारा महिने तिथं राहता येतं. ते बारा महिने भाषा येणाऱ्यालाच खऱ्या अर्थानं उपयोगी पडतात.

शेतमजुरीसाठी जाऊ पाहणाऱ्यांना मात्र कळकळीनं एक सांगणं आहे. जून 2024 मध्ये रोमच्या दक्षिणेला लातिना भागात सतनाम सिंग या पंजाबी शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घराजवळ टाकून देण्यात आलं आणि दोन दिवसांनी तो गेला. तिथल्या शेतांवर मजूर पुरवणाऱ्या दलालाला कापोराले म्हणतात. आपल्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या, उचल आणि मुकादम ज्यानं पाहिले आहेत, त्याला ही व्यवस्था निराळी समजावून सांगायला नको. इटलीनं 2016 साली या दलालीविरुद्ध कडक कायदा केला, पण कायद्याचा आधार घ्यायला तक्रार करता आली पाहिजे, आणि तक्रार भाषेत करावी लागते. हंगामी कामाच्या परवानगीचा अर्ज तिथला मालक करतो, ती परवानगी इथल्या एजंटाकडे विकत मिळत नाही. लाखो रुपये मागणाऱ्याला कागद दाखवायला सांगा, आणि तो कागद स्वतः वाचा. या पुस्तिकेच्या शेवटच्या भागात करारपत्र, पगारपत्रक आणि दवाखान्यातला अर्ज यांतले शब्द दिले आहेत ते यासाठीच.

शिकण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. उन्हाळ्यात इटली आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असते, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊला शेतीपंपाची आणि जेवणाची कामं आटोपलेली असतात, तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा किंवा पाच वाजलेले असतात. बोलण्याच्या सरावासाठी ही वेळ उत्तम. रेंज नसेल तिथं धडा आधी उतरवून ठेवा. 'राई'चा रेडिओ कामं करता करता ऐका, अर्थ लागला नाही तरी चालेल, कान तयार होतो. अ‍ॅपवरचे गुण आणि बक्षिसं यांच्या मागं लागू नका, त्यांनी सवय लागते पण वाक्य जुळत नाही. परीक्षा द्यायची तर सिएना आणि पेरुज्या इथल्या परदेशीयांसाठीच्या विद्यापीठांच्या परीक्षा आणि दान्ते आलिग्येरी संस्थेची परीक्षा मान्यताप्राप्त आहेत. ही पुस्तिका त्यांच्या पहिल्या पायरीपर्यंत नेते. दीर्घकाळच्या परवान्याला दुसरी पायरी लागते आणि नागरिकत्वाला तिसरी. ते पुढचं काम.

एकट्यानं शिकू नका. गावात आणखी एक-दोघं गाठा, लायब्ररीत, देवळाच्या ओट्यावर, दौंड स्टेशनच्या फलाटावर, कुठंही बसा, पण मोठ्यानं बोला. पहिला धडा उच्चारांचा आहे. शेजारी कोरी वही ठेवा, प्रत्येक शब्द आधी देवनागरीत लिहा, तीनदा म्हणा, आणि मगच रोमन लिपीकडे वळा.